उखाणे आधी लिहून द्यावेत

संक्रांत झाली की आमच्या कंपनीत कँटीनच्या दारावर नोटीस लागते. शुक्रवारी दुपारी दोन वाजता महिला कामगारांसाठी हळदीकुंकू, वाण कंपनीकडून, उखाणे घेण्यास इच्छुक महिलांनी आपले उखाणे आधी लिहून द्यावेत. हे शेवटचं वाक्य पूर्वी नसायचं. ते माझ्यामुळे आलं, आणि ही गोष्ट कालपर्यंत कंपनीत कुणालाही माहीत नव्हती. लिहून आलेले उखाणे वाचून पास करायचं काम लाइन लीडर म्हणून माझ्याकडेच आहे.

मी मूळची परभणीकडची. लग्न होऊन दिघीला आले, दोन खोल्यांत संसार मांडला आणि पोरगी शाळेत जायला लागल्यावर चाकणच्या या कंपनीत कंत्राटावर लागले. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो, तो आम्ही बनवतो. उभ्या लाकडी बोर्डावर खुंट्या असतात, त्यांतून वायरी ओवायच्या, टेप गुंडाळायची आणि शेवटी जुडगा टेस्टरला लावायचा. सगळं बरोबर असेल तर टेस्टर दोनदा आखूड आणि एकदा लांब वाजतो. चुकलं असेल तर नुसताच भुंकल्यासारखा एक आवाज काढतो आणि सगळी लाइन मान वळवून बघते. ते टि-टि-टीं इतकी वर्षं ऐकलंय की घरी कुकरची शिट्टी झाली तरी आधी मला वाटतं, पास झाला.

लाइनवर आम्ही चोवीस बाया आणि टोकन एक. प्लॅस्टिकचा पिवळा बिल्ला, खिळ्याला अडकवलेला. तो गळ्यात घातला तरच संडासला जाता यायचं, आणि एक परत आली की मगच दुसरीने जायचं. सकाळी सातला पाळी सुरू व्हायची. एखादीला दिवस गेलेले, एखादीची पाळी आलेली, एखादीला साखरेचा त्रास, पण बिल्ला एकच. बाया पाणी प्यायचंच सोडून द्यायच्या. मीही सोडलं होतं. मुतखडा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाणी पीत जा. मी मनात म्हटलं, तुम्ही बोर्डावर या एकदा.

मोशीला आमच्या बसमध्ये एक जण चढायची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, आवाज मोठा, बोलणं गावाकडचं. सासर मोशीचं, आणि माहेर नेमकं तिथलं, जिथे आमची कंपनी उभी आहे. तिच्या वडिलांचं रान कंपनीसाठी गेलं, त्या बदल्यात भावांना पर्मनंट नोकऱ्या लागल्या. पोरींचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणून ती आमच्यासारखीच कंत्राटावर, तीन नंबरच्या लाइनला, माझ्या शेजारच्या बोर्डावर. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "ह्यो संडासचा ब्लॉक हाय ना ताई, तितं आमची इहीर व्हती. आता तितं जाया बिल्ला घालावा लागतोय." असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

तिच्या कानात सदा इअरफोन. मोशीपासून चाकणच्या चौकापर्यंत रोज तासभर गाड्या अडकलेल्या असायच्या. एक दिवस तिने एक टोक माझ्या कानात घातलं. कुणी पोरगा आपल्या गल्लीबद्दल भराभरा बोलत होता, गाणं नाहीच, नुसतं ठेक्यावर बोलणं. पाणी येत नाही, पोलीस उचलून नेतात, मत मागायला सगळे येतात, असं काहीबाही. मी इअरफोन काढून परत दिला. रॅप म्हणजे उलटी टोपी घालून हात नाचवणाऱ्यांचं काम, अशी माझी ठाम समजूत होती.

"आगं, ही पोरं आपल्यावानीच बोलत्यात," ती म्हणाली. "मराठीत, सोताच्या गावच्या. मंग आपन का न्हाई?"

"आपण काय बोलणार?"

"तू उखाणे करतीस ना? त्याच्यात आन ह्याच्यात फरक काय मला सांग. दोनी जागी यमक, दोनी जागी ठेका, दोनी जागी टोमना."

उखाण्यांचं म्हणाल तर माझं नाव होतं. आमच्या आळीत कुणाचं लग्न ठरलं की नवरी आधी ब्युटी पार्लरला आणि मग माझ्याकडे यायची. सासूला चिमटा हवा का, नणंदेला टोला हवा का, की नुसतं गोड हवं, एवढं विचारून मी चहा होईपर्यंत उखाणा करून द्यायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण तिच्या बोलण्यानंतर बोर्डावर वायरी ओवताना ओळी सुचायला लागल्या आणि त्या टेस्टरच्या आवाजावर बरोबर बसायच्या. दोन आखूड, एक लांब. मी पाठ करून ठेवायचे आणि सकाळी बसमध्ये तिला सांगायचे. ती त्या आपल्या बोलीत फिरवून घ्यायची, शब्द इकडचे तिकडे करायची आणि समोरच्या सीटच्या दांडीवर बोटं आपटत म्हणून दाखवायची. महिना-दीड महिना आमचा हाच उद्योग. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कामाचा कंटाळा यायचा नाही. नंतर तसं कधी झालं नाही.

त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला कंपनीने वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे दिले होते, झाकणावर कंपनीचा शिक्का. कँटीनमध्ये टेबलं बाजूला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. प्लँटचे मोठे साहेब सपत्नीक आले होते, एचआरच्या मॅडम नऊवारी नेसल्या होत्या. कामगारांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला गेटवरच स्टिकर लावतात, म्हणून फोटो काढायचा हक्क फक्त मॅडमना. दोघी-तिघींनी उखाणे घेतले. मग मॅडम म्हणाल्या, "लाइन तीनमधून कोणी?" आणि ही उठली.

तिने आम्हाला डोळ्याने खूण केली. आमच्या लाइनच्या बायांनी डबे उलटे केले आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. दोन आखूड, एक लांब. अख्ख्या कँटीनला तो ठेका कळला. तिने पदर खोचला.

"बाराशे वायरी, एक बोर्ड, चोवीस आमी बाया,
एका टोकनापायी गेली सकाळ समदी वाया.

जितं व्हती इहीर आमची, तितं बांधली मोरी,
सोताच्या रानात जाया टोकन मागती पोरी.

सात महिने सून म्हनता, आठव्याला दार बंद,
नवव्याला पुन्हा नवरी, ह्यो कसला छंद?

नाव कुनाचं घेऊ बायांनो, धनी झालेत दोन,
एक म्हनतो त्याला इचार, दुसरा उचलंना फोन."

तिसऱ्या कडव्याचं सांगायला हवं. कंत्राटी बाईला सात महिने झाले की ब्रेक देतात. महिनाभर घरी बसायचं, मग पुन्हा नवीन कार्ड, पुन्हा नवीन जॉइनिंग, म्हणजे कितीही वर्षं झाली तरी ती नवीच. आणि शेवटच्या कडव्यातले दोन धनी म्हणजे कंपनी आणि ठेकेदार. कँटीनमधल्या कुणालाच हे समजावून सांगावं लागलं नाही.

बाया हसून हसून लोळल्या. मोठे साहेबही हसले, त्यांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सगळं मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळी कंपनीच्या ग्रुपवर स्वतःच टाकलं, खाली लिहिलं, आमच्या लाइन तीनचं टॅलेंट. आमची चूक इथेच झाली. उखाण्यात नवी सून सासूला भर मांडवात बोलते, आणि सासूला हसावंच लागतं. रागावली तर तिचीच शोभा होते. मोठे साहेब हसले तेव्हा आम्हाला वाटलं, कंपनीनेही ऐकून घेतलं. सासूला त्याच सुनेसोबत जन्म काढायचा असतो आणि कंपनीला सात महिने, हा हिशेब निदान ते कडवं लिहिणाऱ्या मला तरी कळायला हवा होता.

ग्रुपवरून तो व्हिडिओ कसा बाहेर गेला कुणास ठाऊक. आठवड्याभरात कुणीतरी त्याच्याखाली ढोल आणि बेस लावून त्याचं चांगलं ठसठशीत गाणं केलं. मॅडमची नऊवारी कापली, साहेब कापले, राहिली ती आणि डब्यांचा आवाज. दुसऱ्या कंपन्यांच्या बसमध्ये ते वाजायला लागलं. भोसरीच्या चौकात थांबले असताना एका रिक्षातून मी माझ्याच ओळी ऐकल्या, अभिमान वाटला की भीती ते अजून सांगता येत नाही. मग दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर बाया संपाला बसल्या, तिथे स्पीकरवर ते लावलं आणि त्या बायांनी आपल्या टोकनांचा ढीग करून गेटसमोर ठेवला. त्याची बातमी आली. बातमीत आमच्या कंपनीचं नाव नव्हतं, पण तिच्या पायाशी ठेवलेल्या डब्याच्या झाकणावरचा शिक्का व्हिडिओत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. एसी खोली, काचेच्या ग्लासावर झाकण, मॅडम आणि हेड ऑफिसहून आलेले एक गृहस्थ. मला आधी का बोलावलं हे मला माहीत होतं. त्या महिन्यात कंत्राटातल्या काही जणींना पर्मनंट करायची यादी निघणार होती आणि इतकी वर्षं नवी नवरी होऊन झाल्यावर माझं नाव यादीत होतं. मॅडमनी ते मला आधीच कानात सांगितलं होतं. माझी पोरगी बारावीला होती. नवरा हिंजवडीला कंपनीची कॅब चालवायचा, त्याची कमर गेलेली. त्या खोलीत बसल्या बसल्या मला हे सगळं एकदम आठवलं, कुणी आठवण न करून देता.

"तुम्ही सीनियर आहात, म्हणून विचारतोय," ते गृहस्थ म्हणाले. आवाज अगदी मऊ. "हे तिने स्वतः केलं, की तिला कुणी लिहून दिलं? बाहेरचं कुणी? युनियनचं?"

मी म्हणाले, "ती बोलतेच तशी, साहेब."

एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. ती बोलायचीच तशी. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं, मॅडमनी माझ्याकडे पाणी सरकवलं आणि मी ते प्यायले.

दुपारी तिला बोलावलं. सुटताना बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली, रोजच्यासारखी. इअरफोन काढलेले होते.

"मी सांगितलं, समदं माझंच हाय," ती म्हणाली. "तू गप ऱ्हा. तुझी पोरगी बारावीला हाय. माजं रान गेलं तरी डोक्यावर सासरचं छप्पर हाय. मला काय व्हत न्हाई."

मी तिचा हात धरला. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, मोशी आल्यावर उतरली. आजवर मी स्वतःला सांगत आले की तिनेच गप राहा म्हटलं, म्हणून मी गप राहिले. पण ती म्हणाली दुपारच्या बसमध्ये, आणि मी वरच्या खोलीत बोलून बसले होते सकाळी. ती मला वाचवायला निघाली तेव्हा मी आधीच वाचले होते, तिला पुढे करून. हे मी तिला सांगितलं नाही. ती हुशार बाई, तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

तिला काढलं असं कुणी म्हणू शकत नाही. तिचा ब्रेक दोन महिने अलीकडे आला, एवढंच. ब्रेक संपल्यावर तिला फोन आला नाही. तिने ठेकेदाराला विचारलं, तो म्हणाला कंपनीला विचार. कंपनीला विचारलं, ते म्हणाले ठेकेदाराला विचार. आमचं शेवटचं कडवं तिच्यावर शब्दन् शब्द खरं झालं.

मी पर्मनंट झाले. पेढे वाटले. वर्षभराने लाइन लीडर झाले आणि निळा कोट मिळाला. त्याच सुमारास लाइनवर दुसरं टोकन आलं. एक पिवळं, एक हिरवं. बाया म्हणाल्या, चला, एवढं तरी झालं. ते कुणामुळे आलं, यावर कुणी बोललं नाही. आता दोन्ही टोकनांची जबाबदारी माझी आहे. कोण किती वेळ गेली ते मला वहीत लिहावं लागतं.

ती आता गेटवर गाते. कुठे बाया बसल्या, कुठे ब्रेकवरून भांडण झालं, की तिला बोलावणं येतं. घरचे वैतागलेत म्हणे, सासऱ्याने बोलणं टाकलंय, पण ती जाते. तिचे व्हिडिओ माझ्या मोबाइलवर येतात. मी ते आवाज बंद करून बघत नाही, पूर्ण ऐकते. ओळी आता ती स्वतः करते. आवाज तोच, धार तीच, पण यमक मध्येच ढिलं पडतं, एखादा शब्द ठेक्यावर बसत नाही. मी भाजी निवडता निवडता तो शब्द मनात बदलते, मग ओळ कशी ताठ उभी राहते. ती ओळ तिला पाठवावी असं दर वेळी वाटतं. नंबर आहे माझ्याकडे. एकदा टाइप करून पुसली. दमलेय मी, असं कारण मी स्वतःला देते. दमलेय हे खरंच आहे. पहाटे पाचला उठायचं, चौकात बससाठी उभं राहायचं, चाकणच्या गर्दीत तासभर बसायचं, मग आठ तास दुसऱ्या बायांच्या मिनिटांचं मोजमाप घ्यायचं. पण ओळ पाठवायला किती ताकद लागते, तेही मला माहीत आहे.

ह्या वर्षी एकोणीस चिठ्ठ्या आल्या. काल कँटीनच्या कोपऱ्यात बसून मी त्या तपासत होते. काय बघायचं, ते मॅडमनी पहिल्याच वर्षी समजावलंय. कंपनी नको, ठेकेदार नको, टोकन नको, नवऱ्याचं नाव असावं. बहुतेक सगळ्या तशाच. चांदीचं ताट, तुळशीचं पान, अमुकरावांचं नाव घेते. मी सह्या करत होते. एका चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"सात महिने सून म्हणता, आठव्याला दार बंद,
नवव्याला पुन्हा नवरी, हा कसला छंद?"

खाली नवऱ्याचं नाव जोडलं होतं, नियम म्हणून. चिठ्ठी देणारी बाई समोरच उभी होती. लातूरकडची, माझ्याच वयाची, आमच्या लाइनला येऊन पाचेक महिने झालेली. मी पेन उचललं आणि त्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली. हात थांबला नाही. हाताला सवय झालेली असते.

"जमलं नाही का ताई?" तिने विचारलं.

"जमलंय. पण हे घेता येणार नाही. दुसरं लिहून दे."

"मी नाही केलेलं. बसमध्ये बाया म्हणतात. आपल्याच लाइनला त्या ताई होत्या ना, ज्यांना परत बोलावलं नाही, त्यांचं आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. का निघालं ते सांगता येणार नाही. मान वर न करता मी म्हणाले, "म्हटलं तिने. लिहिलं मी."

तिने चिठ्ठी टेबलावरून उचलली, आधी अक्षरं बघितली, मग त्यावरची रेघ, मग माझा निळा कोट. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मग ताई, खोडलं पण तुम्हीच?"

टेस्टरचा आवाज आतून येत होता, पास, पास, पास. अजून सात चिठ्ठ्या बाकी होत्या. मी पुढची उचलली.